चंद्राचा फोटो आणि त्याचा उतारा

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. त्यानंतर निपाणीपासून खानापूरपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोबाइलवर एक फोटो येऊन पडला: राखाडी मातीत ठसठशीत उमटलेला अशोकस्तंभ आणि शेजारी इस्रोचं चिन्ह. विक्रममधून उतरलेल्या प्रज्ञान या छोट्या गाडीच्या चाकांनी चंद्रावर भारताची मुद्रा उठवली, असं त्याखाली लिहिलेलं होतं. प्रज्ञानच्या चाकांवर ती चिन्हं कोरलेली होती, एवढं खरं. फिरणारं चित्र मात्र एका कलाकारानं संगणकावर केलेलं होतं. चंद्रावरून आलेले खरे फोटो साधे होते. ३० ऑगस्टला इस्रोनं प्रज्ञानच्या कॅमेऱ्यानं टिपलेला विक्रमचा फोटो दिला, तोही तसाच. त्यामुळं तो कमी फिरला.

नववीतल्या एका मुलानं तेव्हा वर्गात विचारलं होतं, "सर, कुठला खरा नि कुठला खोटा, हे आपण वळखायचं कसं?" प्रश्न फार चांगला आहे. "इस्रोनं दिला म्हणजे खरा" हे त्याचं छोटं उत्तर झालं आणि बहुतेक वेळा ते पुरतंही. पण चंद्राच्या बाबतीत त्यापेक्षा भक्कम उत्तर आपल्या हाताशी आहे, आणि ते आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. यानांनी पाठवलेला मूळ डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. तो फुकट मिळतो, बेळगावात बसून उतरवून घेता येतो आणि स्वतः मोजून पाहता येतो.

फोटो मुळात असतो काय?

चांद्रयान-२ चं ऑर्बिटर २० ऑगस्ट २०१९ ला चंद्राच्या कक्षेत गेलं. त्यावर ओएचआरसी नावाचा कॅमेरा आहे. शंभर किलोमीटर उंचीवरून तो जमिनीचा पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा वेगळा ओळखू शकतो. त्याच्या एका ओळीत १२,००० टिपण-बिंदू असतात. बारा हजारांना पंचवीस सेंटिमीटरनं गुणलं की तीन किलोमीटर होतात, म्हणजे तो एका वेळी तीन किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. यान पुढं सरकतं तशी ओळीखाली ओळ जमत जाते. प्रत्येक बिंदू फक्त एक आकडा नोंदवतो, तिथून किती उजेड आला त्याचा. आपण ज्याला फोटो म्हणतो तो मुळात असा आकड्यांचा भलामोठा तक्ता असतो. आकडा मोठा असला की तो ठिपका पांढरा दाखवायचा आणि लहान असला की काळा, हे काम पडद्याचं.

हे आकडे रेडिओ लहरींवर बसून पृथ्वीवर येतात. आपले आकडे झेलणारी ३२ मीटर व्यासाची तबकडी बेंगळुरूजवळच्या ब्यालालू गावात आहे. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालेला माणूस सकाळी बेंगळुरूत उतरतो आणि तिथून ब्यालालू चाळीसेक किलोमीटर आहे. अवकाशविज्ञानाचा डेटा जपून ठेवणारं इस्रोचं केंद्रही तिथंच आहे.

आलेला तक्ता आहे तसा वापरता येत नाही. बारा हजार बिंदूंवर सारखाच उजेड पडला तरी प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येतो. उजेड अजिबात नसतानाही तापमानामुळं काही आकडा उमटतोच. हे दोष आधी मोजून ठेवलेले असतात आणि नंतर ते वजा केले जातात. मग हा पट्टा चंद्रावर नेमका कुठला, हे यानाच्या जागेवरून आणि कॅमेऱ्याच्या दिशेवरून ठरवतात. म्हणून एकाच दृश्याच्या तीन पायऱ्या उपलब्ध असू शकतात: कच्चा डेटा, दोष काढलेला डेटा, आणि त्यावरून तयार केलेले नकाशे किंवा उंचीचे तक्ते. नवख्यानं मधली पायरी घ्यावी. कच्च्यापासून सुरुवात केली की महिनाभर कॅमेऱ्याशीच झटापट होते आणि चंद्र राहून जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक फोटोच्या फाइलबरोबर आणखी एक लहान फाइल येते, तिला लेबल म्हणतात. आपल्याकडं शेताचा उतारा असतो तसं हे फोटोचं कागदपत्र आहे. जमीन कुठली, किती, चतुःसीमा काय, हे उतारा सांगतो. लेबल सांगतं, हा फोटो कुठल्या यानाच्या कुठल्या कॅमेऱ्यानं घेतला, कुठल्या तारखेला, किती वाजून किती सेकंदांनी घेतला, तेव्हा यान किती उंचीवर होतं, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश काय, सूर्य किती कललेला होता, एक ठिपका किती सेंटिमीटरचा आहे आणि कोणते दोष काढले आहेत. अशोकस्तंभाच्या त्या चित्राला असं काहीच नव्हतं. वर्गातल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: फोटोचं कागदपत्र मागा. तारीख, कॅमेरा आणि जागा सांगता येत नसेल तर तो चंद्राचा आहे असं धरून चालू नका.

इथं एक खुलासा करतो, कारण उलटी गल्लतही होते. निळे-लाल-पिवळे रंग भरलेले चंद्राचे नकाशे पाहून काही जण "हे बनावट" म्हणतात. ते बनावट नसतात. उंची, तापमान किंवा खनिजाचं प्रमाण दाखवायला शास्त्रज्ञ मुद्दाम रंग देतात, आणि कुठला रंग म्हणजे किती, याची पट्टी शेजारी दिलेली असते.

लेबल कसं लिहायचं याचा एक ठराविक साचा आहे, त्याला पीडीएस म्हणतात. तो नासानं घडवला. चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ चा डेटा त्याच्या चौथ्या आवृत्तीत मिळतो आणि चीनच्या चांगई मोहिमांचा डेटाही पीडीएसच्याच धर्तीवर आहे. त्यामुळं एका देशाची फाइल उघडायला शिकलात की दुसऱ्या देशाची उघडायला फार त्रास पडत नाही.

कुठं पाहायचं

सुरुवात क्विकमॅपपासून करावी, असं मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेचं लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर, थोडक्यात एलआरओ, १८ जून २००९ रोजी निघालं. त्याच्या कॅमेऱ्याचं काम अनेक वर्षं ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं पाहिलं. त्या कॅमेऱ्याचे फोटो एका सलग नकाशावर मांडून दाखवणारी वेबसाइट म्हणजे क्विकमॅप. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोबाइलवरही चालते. शोधायच्या जागी दक्षिण ६९.३७, पूर्व ३२.३२ हे अक्षांश-रेखांश टाका. विक्रम उतरला ती शिवशक्ती नावाची जागा समोर येते. दक्षिण ध्रुव तिथून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. बोटानं रेघ ओढली की अंतर मिळतं, आणि त्या रेघेवरचा चढउतारही आलेखात दिसतो.

विक्रम उतरल्यावर चार दिवसांनी, २७ ऑगस्टला, एलआरओनं तिरकं वळून त्या जागेचा फोटो घेतला होता. त्यात लँडर म्हणजे एक बारीक ठिपका, त्याची सावली आणि भोवती उजळ कडं दिसतं. इंजिनाच्या झोतानं वरची धूळ उडाली त्याचं ते कडं. "एवढासाच दिसतो?" असं मुलं हिरमुसून म्हणतात, तेव्हा त्यांना हिशेब घालावा. एलआरओचा ठिपका साधारण अर्ध्या मीटरचा असतो. विक्रमची पेटी सुमारे दोन मीटर लांब-रुंद आहे. मग चार ठिपक्यांपेक्षा मोठा तो दिसणार कसा? प्रज्ञान तर जेमतेम दोन ठिपक्यांचा. आपल्या ओएचआरसीत हेच आकडे दुप्पट होतात. म्हणूनच चांद्रयान-३ साठी दगडधोंडे टाळून मोकळी जागा निवडताना ओएचआरसीचे फोटो कामी आले.

आपला, म्हणजे इस्रोचा, डेटा 'प्रदान' नावाच्या पोर्टलवर आहे. चांद्रयान-२ चा पहिला संच २४ डिसेंबर २०२० रोजी खुला झाला. चांद्रयान-३ चा डेटा २३ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, सर्वांसाठी खुला केला गेला. इथं नाव आणि ईमेल देऊन खातं उघडावं लागतं, तेही फुकटच. मग मोहीम निवडायची, उपकरण निवडायचं, हवी ती फाइल उतरवून घ्यायची. फोटोच्या फाइलींबरोबर बहुतेक वेळा एक छोटी नमुना-प्रतही असते. आधी ती बघून मगच मोठी फाइल घ्या. एलआरओच्या एका फोटोत ५,०६४ गुणिले ५२,२२४ ठिपके असतात, म्हणजे साडेसव्वीस कोटींच्या आसपास. ती फाइल अडीचशे एमबीच्या घरात जाते. चांद्रयानाच्या फाइलीही अंगानं अशाच जड असतात. उघडायला क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालतं. शेती, पाणलोट, गावनकाशे यांसाठी आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं ते वापरतातच.

जपाननं कागुया यानाचा डेटा २००९ मध्येच खुला केला, चीनही आपल्या यानांचा डेटा देतो. पण पहिल्या वर्षभरात क्विकमॅप आणि प्रदान एवढी दोन दारं पुष्कळ झाली.

खुल्या डेटातून काय निघालं

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर संपर्क तुटून कोसळला. तो पडला कुठं, हे कळत नव्हतं. एलआरओनं १७ सप्टेंबरला त्या भागाचे फोटो घेतले आणि त्यांचा जोडनकाशा २६ तारखेला सगळ्यांसाठी टाकला. चेन्नईतले इंजिनिअर षण्मुग सुब्रमणियन यांनी तो उतरवून घेतला आणि त्याच जागेच्या जुन्या फोटोंशी ताडून पाहायला सुरुवात केली. त्यांचा पेशा अवकाशाचा नव्हता. त्यांना एका ठिकाणी पूर्वी नसलेला उजळ ठिपका सापडला. एकच ठिपका, आणि त्या नकाशात एक ठिपका म्हणजे १.३ मीटर. त्यांनी नासाला कळवलं. कॅमेऱ्याच्या चमूनं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्या उजेडात घेतलेले फोटो तपासले, तेव्हा लँडर आदळल्याची मुख्य जागा आणि विखुरलेले तुकडे मिळाले. षण्मुग यांचा ठिपका त्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला होता. २ डिसेंबरला नासानं हे जाहीर केलं आणि श्रेय त्यांच्या नावानं दिलं.

मला या हकिगतीत सगळ्यात जास्त काय भावतं, तर त्यांना लागलेल्या साधनांची यादी. लॅपटॉप, इंटरनेट, दोन तारखांचे फोटो आणि रात्री बसून शोधायची चिकाटी. हे सगळं शहापूर-वडगावच्या एखाद्या घरातही असतं. घरात नव्हता तो फक्त दुसऱ्या देशाच्या यानाचा फोटो, आणि तो त्या देशानं मोकळेपणानं सगळ्यांपुढं ठेवला.

दुसरं उदाहरण पाण्याचं. चांद्रयान-१ निघालं २२ ऑक्टोबर २००८ ला आणि ऑगस्ट २००९ च्या शेवटी त्याचा संपर्क कायमचा तुटला. त्यावर एम-थ्री हे नासाचं उपकरण होतं. चंद्राच्या मातीत पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) खुणा असल्याचं त्यानं दाखवलं, ते सप्टेंबर २००९ मध्ये जगाला कळलं. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच साठवलेल्या डेटावर नव्यानं काम करून ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या खळग्यांत पृष्ठभागावर बर्फ असल्याचा पुरावा दुसऱ्या संशोधकांनी मांडला. यान कधीच गप्प झालं होतं. आकडे कुणालाही उघडता येत होते, म्हणून हे काम झालं.

मग लगेच का देत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. काही वेळ लागतोच. दोष काढायचे, जागा पक्की करायची, लेबलं लिहायची, ती तपासायची. शिवाय ज्यांनी दहा-दहा वर्षं खपून उपकरण बनवलं त्यांना पहिला अभ्यास करायची संधी मिळावी, ही जगभरची रीत आहे आणि मला ती न्याय्य वाटते. एलआरओचा डेटा दर तीन महिन्यांनी खुला होतो. चांद्रयान-३ च्या डेटाला वर्ष लागलं, चांद्रयान-२ च्या पहिल्या संचाला कक्षेत गेल्यापासून सोळा महिने. यात सुधारणा व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोहीम लोकांच्या पैशातून होते, आणि मुलांची उत्सुकता यान उतरल्यावर काही महिनेच टिकते. त्या काळात त्यांच्या हातात खरे आकडे पडले तर वेगळंच काही घडेल.

खुलं करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सांभाळणंही. अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राचे फोटो पाठवले. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानानं चंद्राच्या क्षितिजावर उगवलेली पृथ्वी टिपली. तारीख बघा, आपला विक्रम उतरला त्याच दिवशीची, सत्तावन्न वर्षं आधीची. जगानं तो फोटो पाहिला, पण छापून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ टेपांवर कितीतरी जास्त तपशील होता. त्या टेपा आणि त्या वाचणारी बोजड यंत्रं नॅन्सी इव्हान्स या नासातल्या बाईंनी हट्टानं जपली, निवृत्तीनंतर यंत्रं स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवली. २००८ मध्ये काही जणांनी ती दुरुस्त करून तो फोटो नव्यानं काढला, तेव्हा त्यातली चंद्राची जमीन पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. अपोलो-११ च्या टेपांना असं कुणी भेटलं नाही. माणूस पहिल्यांदा चंद्रावर चालला त्या चित्रीकरणाच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासानं २००९ मध्ये सांगितलं.

वापराच्या हक्काबद्दल थोडक्यात: नासाच्या फोटोंवर सहसा कॉपीराइट नसतो. इस्रोचा डेटा अभ्यासाला वापरता येतो, पण श्रेय द्यावं लागतं आणि पोर्टलच्या अटी पाळाव्या लागतात. शाळेच्या भिंतीवर लावायच्या फोटोखालीही ते श्रेय लिहावं.

सावलीवरून उंची

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एसएसएलसीच्या गणितात सावलीवरून झाडाची किंवा मनोऱ्याची उंची काढायची उदाहरणं असतात. तेच गणित चंद्रावर चालतं. समजा ओएचआरसीच्या फोटोत एका खडकाची सावली १६० ठिपके लांब आहे. लेबल सांगतं, ठिपका २५ सेंटिमीटरचा, म्हणजे सावली ४० मीटर. लेबलात सूर्याचा आपतन कोन ८० अंश दिला आहे. हा कोन डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून मोजतात, म्हणून सूर्य क्षितिजापासून १० अंश वर. १० अंशांचा टॅन ०.१७६. चाळीसला त्यानं गुणलं की खडकाची उंची सात मीटर. जमीन सपाट आहे आणि कॅमेरा सरळ खाली पाहत होता, एवढं गृहीत धरलं आहे. चंद्रावर हवा नसल्यानं सावलीची कड आपल्याकडच्यापेक्षा काळी आणि रेखीव असते, मोजायला सोपी जाते.

एक सूचना आधीच द्यावी लागते. बऱ्याच मुलांना फोटोतले खळगे उलटे, टेकाडांसारखे दिसतात. डोळ्यांना उजेड वरून येतो असं धरायची सवय असते, आणि फोटोत सूर्य खालच्या बाजूला असला की फसगत होते. लेबलात सूर्याची दिशा पाहून फोटो तसा फिरवला की खळगे पुन्हा खळगे होतात. दुपारच्या उन्हातले फोटो या प्रयोगाला निरुपयोगी, सावलीच नसते. आपतन कोन ७० ते ८५ अंशांच्या मधला शोधावा.

जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळांत रेंजची अडचण येते, तिथं पोर्टल उघडून बसणं कठीण. त्यांच्यासाठी शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये पाच-सहा फाइली लेबलांसकट उतरवून पेनड्राइव्हवर द्याव्यात. लेबल इंग्रजीत असतं, पण त्यातले प्रयोगाला लागणारे शब्द पाच-सात, तेवढे फळ्यावर मराठीत लिहून दिले की पुढं सगळे आकडेच आहेत. मराठी, कन्नड आणि उर्दू शाळांतली मुलं हा प्रयोग एकत्र बसून करू शकतात. फोटो कापू नये आणि फाइलीचं नाव बदलू नये, एवढं पथ्य पाळावं. वहीत उत्तराशेजारी फाइलीचं पूर्ण नाव लिहायला लावावं, म्हणजे येळ्ळूरच्या मुलीनं काढलेली उंची निपाणीचा मुलगा तीच फाइल उघडून तपासू शकेल, आणि दोघांचं उत्तर जुळलं नाही तर कुणाचा ठिपका चुकला हे दोघांनाही शोधता येईल.